नाताळात ‘लायन किंग’ : चार तिकिटांचे ३७२ पौंड. तुम्ही घातले असते का?

हॅरोकर
गेल्या शनिवारी लंडनच्या लायसियम नाट्यगृहात ‘लायन किंग’ हे संगीत नाटक बघितलं. आम्ही दोघं, सात वर्षांची लेक आणि कुडाळहून आलेली माझी आई. तिकिटांचे ३७२ पौंड झाले. घरच्या ग्रुपवर ‘नाटकाला एवढे?’ म्हणून बरंच ऐकून घेतलं, म्हणून इथे नीट मांडतो. माझं मत पक्कं आहे. वर्षातून एकदा, सणाला, एखादी भव्य गोष्ट मुलांना दाखवावीच. त्यासाठी बाकीची सुट्टी घरी काढावी लागली तरी चालेल. आम्ही तशीच काढतोय.

सुरुवातीलाच प्राणी प्रेक्षकांमधून चालत येतात. हत्ती आमच्या रांगेला लागून गेला, त्याच्या आत चार माणसं. जिराफ म्हणजे हातापायांना उंच काठ्या बांधलेला एकच माणूस. दिग्दर्शिका ज्युली टेमर यांनी १९९७ साली न्यूयॉर्कला हे बसवलं, तेव्हा सिंहाचे मुखवटे नटाच्या डोक्याच्या वर ठेवले आणि चेहरा उघडा सोडला. लेक विचारत राहिली, “बाबा, मी नक्की कोणाकडे बघू?” आई तिला म्हणाली, “दोघांकडे बघ गो. आमच्या दशावतारात गणपतीची सोंड दिसता आणि खाली माणसाचे पायव दिसतत.”

आईला इंग्रजी येत नाही. पण कळप उधळतो तो प्रसंग (मागे फिरत्या रोलरांवर इवलीशी जनावरं, मग मोठी, मग मुखवटे घेतलेली माणसं थेट अंगावर) आला आणि तिने माझा हात घट्ट धरला. सिंहाचं पिल्लू मेलेल्या बापाला उठवायला जातं तेव्हा ती रडत होती. माझे वडील जाऊन दोन वर्षं झालीत. या संध्याकाळची किंमत मी पौंडांत काढू शकत नाही.

लाल माती
तुमच्या आईंच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल आदर आहे. पण दशावताराचं नाव तुम्हीच काढलंत, म्हणून बोलतो. मी कणकवलीकडचा, आता बर्मिंगहॅमला असतो. आमच्या जत्रेत नाटक रात्री उशिरा उभं राहतं, पहाटेपर्यंत चालतं आणि तिकीट नसतं. पोरं सगळ्यांत पुढे जमिनीवर. सरपंचाचा नातू आणि गुराख्याचा पोर एकाच गोणपाटावर. संकासुर राक्षस आला की दोघंही सारखेच किंचाळतात.

लायसियममध्ये साधारण २१०० माणसं बसतात. हत्ती शेजारून जातो तो खालच्या, महागड्या रांगांच्या. माझ्यासोबत गोदामात काम करणाऱ्या एकाने मागच्या वर्षी तीन मुलांना नेलं. परवडली ती सगळ्यांत वरच्या मजल्यावरची तिकिटं. हत्ती खालून चालला होता आणि त्याची धाकटी कठड्याकडे वाकून विचारत होती, “कुठाय?” नाताळ जवळ आला की त्याच खुर्चीचा भाव वाढवतात, तोही याच आठवड्यांत, जेव्हा सगळ्यांच्या मुलांना सुट्टी असते. एरवी पैशाप्रमाणे जागा मिळते, मान्य. सणाला तरी नको. तुमच्या लेकीने सिंह बघितला, सोबत कोणाला कुठे बसायचं हेही बघितलं.

पडद्यामागची
मी लंडनमध्येच एका दुसऱ्या मोठ्या संगीतिकेच्या कपडेपटात काम करते. आठवड्याला आठ प्रयोग, वादक तिथेच बसून वाजवणारे. प्रत्येक प्रयोगानंतर घामाने भिजलेले कपडे धुणं, विग विंचरणं, फाटलेलं शिवणं. दोन प्रयोगांच्या दिवशी मधल्या वेळेत आम्ही उभ्यानेच जेवतो. नाताळच्या सुट्टीत आमच्या घरी सण नसतो. तिकिटाच्या पैशातूनच या हातांना पगार मिळतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

लाल माती, तुमच्या जत्रेत प्रेक्षकाला फुकट आहे, पण नटाचं काय? तो स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो, ट्रंक वाहतो, रात्रभर उभा राहतो आणि सकाळी पुढच्या गावाला निघतो. त्याचं मानधन किती, आजारी पडला तर काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. प्रेक्षकाने पैसे दिले नाहीत, तर ते कलाकाराच्या अंगातून जातात.

लाल माती
@पडद्यामागची, हे खरं आहे, आणि जिव्हारी लागलं. माझे मामा दशावतारी होते. म्हातारपणी त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. तरी यावरचा उपाय पोरांना कठड्यावर बसवणं नव्हे. जत्रेचा खर्च गाव उचलतं, ते जास्त उचलू शकतं. इथे तसं उचलणारं कोणी नाही, म्हणून सगळा भार आईबापांच्या खिशावर.

पारिजातक
मला वेस्ट एंडच्या (लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांच्या भागातल्या) भव्यतेपेक्षा इथला पँटोमाइम, म्हणजे मुलांसाठीचं नाताळातलं धमाल नाटक, नाताळाचा खरा वाटतो. आम्ही दरवर्षी हॅकनी एम्पायर थिएटरला जातो. खलनायक मागून येतो, अख्खं थिएटर ओरडतं, “तो बघ मागे!” पुरुष नट बाईच्या वेशात धुमाकूळ घालतो. मला तेव्हा हमखास ‘अलबत्या गलबत्या’ आठवतं. रत्नाकर मतकरींच्या त्या नाटकात चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली होती, आणि २०१८ साली ते नव्याने आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. मुलं तिला घाबरतात आणि तिलाच पुन्हा बघायचं म्हणतात.

‘लायन किंग’मध्ये मुलाने गप्प बसून थक्क व्हायचं असतं. पँटोमध्ये त्याच्या ओरडण्याशिवाय नाटक पुढे सरकत नाही. शिवाय गावोगावच्या छोट्या थिएटरांचं वर्ष याच काही आठवड्यांच्या गल्ल्यावर निभतं. तिथे दिलेला पैसा मला जास्त पटतो.

एक आजी
जानेवारीत जा ना! नाताळ सरला की भाव उतरतात. लेस्टर स्क्वेअरला टीकेटीएसची खिडकी आहे, तिथे त्याच दिवशीची सवलतीची तिकिटं मिळतात, सगळ्या नाही पण बऱ्याच नाटकांची. ऑगस्टमध्ये इथल्या बऱ्याच नाटकांची एक योजना असते, तीत मोठ्या माणसाच्या तिकिटावर एक मूल फुकट. नातवंडांना मी अशीच चार नाटकं दाखवली.

हॅरोकर
@एक आजी, आईचा व्हिसा ५ जानेवारीपर्यंतच आहे. नाहीतर तसंच केलं असतं.

@पारिजातक, गप्प बसून थक्क होणं मला कमी वाटत नाही. घरी येऊन लेकीने पुठ्ठ्याचा मुखवटा केला. डोळ्यांवर नाही, कपाळावर बांधला आणि म्हणाली, “माझं तोंड पण दिसलं पाहिजे.” कोणी शिकवलं नव्हतं.

@लाल माती, कठड्यावरची ती मुलगी दोन दिवस डोक्यातून गेली नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिकिटं घेताना वरच्या मजल्याचे दर मी बघितले होते आणि मुद्दाम खालची घेतली, हेही कबूल करतो. पुन्हा घेईन. आई पुढच्या वर्षी एवढा प्रवास करेल की नाही, सांगता येत नाही. पण आता ठरवलंय, पुढच्या डिसेंबरात लेकीला घेऊन आम्हीच कुडाळला जाणार. आजूबाजूच्या जत्रांच्या तारखा आई आत्ताच फोनवरून विचारतेय.

लाल माती
३७२ पौंड मला अजून पटलेले नाहीत. पण जत्रेला जाल तेव्हा लवकर पोचा. देवळाच्या कडेला नट तोंड रंगवायला बसतात, तिथे लेकीला घेऊन जा, कोणी हाकलत नाही. आणि निघताना राजा झालेल्या नटाच्या हातात काहीतरी ठेवा.