पस्तीस घरांची मंडळी, निम्मी ऊसतोडीला... मिशनचं नेमकं काय ठरवावं?

गोदाकाठ
सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. आमची बाप्टिस्ट मंडळी बीड जिल्ह्यात आहे, पस्तीसेक घरं, पत्र्याचं चर्च, पाळक साहेब आठवडाभर शिकवण्या घेतात अन् रविवारी उपासना. दसरा झाला की निम्मी घरं ऊसतोडीच्या टोळीसोबत साखर कारखान्यावर जातात, नवरा बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी आधीच लेकीच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्च झालेली असती, मग मार्चपर्यंत बाकडी रिकामी अन् अर्पणाची थैली पण रिकामी.

आता दसऱ्याच्या आधी सर्वसाधारण सभा घ्यायचीय अन् त्यात मिशनचा, म्हणजे सुवार्तेच्या कामाचा, ठराव करायचाय. तरुण पोरं म्हणायलेत की प्रभूनं पृथ्वीच्या शेवटापर्यंत जायला सांगितलं, आपण बाहेर सेवक पाठवायलाच पाहिजे. वडीलधारे म्हणायलेत आधी शेजारच्या वस्तीत तरी जाऊन या, अन् भिंतीला प्लास्टर नाही ते बघा. मागच्या वर्षी मिशनच्या डब्यात सगळे मिळून चार हजार दोनशे निघाले, खजिनदारानं आकडा वाचला तेव्हा कुणी मान वर केली नाही. बायबलात प्रेषितांची कृत्ये १:८ मधी यरुशलेम, यहूदीया, शोमरोन अन् मग पृथ्वीचा शेवट असं आहे, आमचे लोक त्याला जिन्यासारखं धरतात, पहिली पायरी पुरी झाल्याशिवाय दुसरी नाही. पहिली कधी पुरी होणार? दरवर्षी ठराव होतो अन् रजिस्टरमधीच राहतो. ह्या वेळेस असं काय लिहावं की ते टिकंल?

लातूरची ताई
भाऊ, तुमचे वडीलधारे अन् पोरं दोघंही बरोबर आहेत असं मला वाटतं. नर्सिंगला असताना माझ्या रूममध्ये मिझोरामच्या दोन मुली होत्या, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते. त्यांच्याकडं बुहफाइ थम म्हणून रीत आहे. घरात भात टाकायला तांदूळ घेतला की त्यातला एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकायचा, प्रत्येक वेळी, मग तो मंडळीच्या बायका घरोघरी फिरून गोळा करतात, विकतात अन् तो पैसा प्रभूच्या कामाला. १९१० पासून हे चालू आहे, प्रेस्बिटेरियन मंडळीत सुरू झालं अन् दक्षिणेकडच्या बाप्टिस्ट मंडळ्यांतही आहे. आता बगा, त्या दक्षिण भागात लोरेन अन् सॅविज हे दोन बाप्टिस्ट मिशनरी १९०३ ला आले, म्हणजे तिथले लोक तेव्हा स्वतः सुवार्ता घेणारे होते, श्रीमंत नव्हतेच. आज तेच लोक स्वतःच्या मुठीवर बाहेर सेवक पाठवतात.

आपल्याकडं तांदूळ नाही तर ज्वारी आहे. भाकरीचं पीठ मळायच्या आधी एक मूठ. अन् महत्त्वाचं म्हणजे कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत, पण भाकरी होतेच ना, म्हणजे टोळीत गेलेली बाई सुद्धा तिथून मूठ टाकू शकती. नोटा नसतील तेव्हाही. मला तरी वर्षातून एकदाच्या पाकिटापेक्षा हे खरं वाटतं, कारण ते रोज हाताला आठवण करून देतं की आपण कुणासाठी तरी काढून ठेवलंय.

खामकाठ
ताईंनी मोलाचं सांगितलं. मी जरा जुनं सांगतो कारण आपले लोक मिशन म्हणलं की गोऱ्या लोकांचा पैसा समजतात.

विल्यम केरी जोडे शिवायचे. २ ऑक्टोबर १७९२ ला इंग्लंडमधल्या केटरिंग गावात एका विधवेच्या घरी मूठभर बाप्टिस्ट पाळक जमले अन् तिथं बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी झाली. कुणाकडंच रोकड नव्हती, म्हणून प्रत्येकानं आपण किती देणार ते चिठ्ठीवर लिहून दिलं, सगळं मिळून १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. तुमच्या चार हजार दोनशे रुपयांची लाज वाटून घेऊ नका हो. पुढल्या वर्षी केरी बंगालमध्ये पोचले, अन् त्याच माणसानं बंगालमधल्याच श्रीरामपूरला बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं, १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं अन् १८११ ला मराठी नवा करार आला. आपल्या भाषेत वचन आलं ते त्या चिठ्ठ्यांमुळं.

सोसायटीचे सेक्रेटरी अँड्र्यू फुलर. ते ह्या कामाला खोल खाणीत उतरण्याचा दाखला द्यायचे, केरी खाली उतरणार अन् बाकीच्यांनी वर दोर धरायचा. मला ते वाचताना आमच्या मळ्यातली विहीर आठवते. दुष्काळात गाळ काढायला चुलता खाली उतरायचा, वर चौघं दोर धरून, खालून दोन हिसके आले की टोपलं ओढायचं, दुपारपर्यंत वरच्यांच्या तळहाताची सालं निघायची. खालच्याला वरचे दिसत नव्हते पण दोर ढिला झाला की लगेच कळायचं. आपल्या मंडळ्यांचं तिथंच बिनसतं, निरोपाच्या दिवशी हार घालतो अन् सहा महिन्यांनी सेवकाचा फोन पण उचलत नाही.

अन् एक, आपल्यात वरून हुकूम देणारा बिशप नाही. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, त्यामुळं ठराव पाळकांनी एकट्यानं करून चालत नाही, सभासदांनी हात वर करून केला तरच तो त्यांचा होतो. चिठ्ठ्या लिहून घ्या.

बालाघाट
मी टोळीतलाच पोरगा. तुम्ही म्हणायलात दसऱ्यानंतर मार्चपर्यंत चर्च रिकामं, मला ते खटकलं भाऊ, राग मानू नका. चर्च रिकामं नाही, ते कारखान्याजवळच्या फडात बसलंय. माझी माय रात्री दोनला गाडी भरायला उठायची, पाचटावर दव पडलेलं असायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकवर चढताना ती तोंडातल्या तोंडात गीत म्हणायची. शेजारच्या कोपीतल्या बायका विचारायच्या, हे कशाचं गाणं. तिला कुणी मिशनरी म्हणलं नाही कधी. पण सांगलीकडं, कोल्हापूरकडं, कर्नाटकात, गुजरातेत आपली माणसं आधीच जायलीत, मंडळीनं त्यांना फक्त पाठवलं नाही.

कृत्ये १३ मधी अंत्युखियाच्या मंडळीनं उपास करून, प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा अन् शौलाला पाठवलं. टोळी निघायच्या आदल्या रविवारी तुम्ही तेच करा. नावं घेऊन, हात ठेवून. अन् जी लेकरं आजी आजोबांकडं मागं राहतात त्यांच्यासाठी संध्याकाळी चर्चमधी लाईट लावून अभ्यास घ्या, सोबत गरम भाकरी द्या. कुठल्याही जातीधर्माचं लेकरू असो. हेच तुमचं यरुशलेम.

लातूरची ताई
बालाघाट दादांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून बोलते. भाकरी देताना उपासनेला यायची अट घालू नका, मनात सुद्धा ठेवू नका. आपल्या भागात कुणी बाप्तिस्मा घेतला की जातीच्या दाखल्याचा प्रश्न उभा राहतो, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख अन् बौद्धांनाच आहे, त्या माणसाच्या पोराची सवलत जाऊ शकती. त्याला हे आधी सांगणं आपलं काम आहे. बाप्टिस्ट लोक बाप्तिस्मा समजत्या वयात, स्वतःच्या विश्वासानं घ्यायचा म्हणतात, तर मग घाई आपल्याला शोभतच नाही.

गोदाकाठ
बालाघाट दादा, राग कशाचा, रात्री झोप आली नाही तुमचं वाचून. सकाळी पाळक साहेबांना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प बसले अन् मग म्हणले, टोळ्यांची नावं लिहून आण. सात टोळ्या निघाल्या, चार वेगवेगळ्या जिल्ह्यांत जाणाऱ्या. सभेत दोनच गोष्टी मांडायचं ठरलंय, एक मुठीची ज्वारी अन् तिचे अर्धे पैसे लेकरांच्या अभ्यासाला, अर्धे बाहेर गेलेल्या एका सेवकाला, त्याचं नाव सभेनंच ठरवायचं. दुसरं, निघायच्या आदल्या रविवारी हात ठेवून प्रार्थना, अन् मागं राहिलेल्या प्रत्येक घरानं एका कोपीला दर रविवारी फोन करायचा. प्लास्टर पुढल्या वर्षी बघू, वडीलधाऱ्यांना मी समजावतो.

आईनं आजच पिठाच्या डब्याशेजारी डालड्याचा जुना डबा धुऊन ठेवला. पण कोपीवर साठलेली ज्वारी इकडं आणायची कशी ते सुचंना झालंय, मार्चपर्यंत ठेवली तर पोरकिडे लागतील. तिथंच विकून पैसे पाठवावेत का? टोळीत राहिलेल्या कुणी सांगा.