पहिल्या वर्षी अप-डाऊन नको, नाशिकलाच राहा

लासलगावचा, मेकॅनिकल, दुसरं वर्ष

कॅपचे, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाचे राऊंड संपत आले की आमच्याकडे घरोघरी एकच खल चालतो: पोराला नाशिकला रूम करून द्यायची की एसटीचा पास काढायचा? माझ्या चुलतभावाला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. चुलत्यांनी मला विचारलं, तेव्हा सांगितलं की बाकी कुठेही काटकसर करा, पण पहिल्या वर्षी त्याला अप-डाऊन करायला लावू नका. त्यांना पटलं नाही. म्हणून इथे मांडतो.

मी पहिलं सेम (सहामाही) लासलगावहून केलं. पहाटे पाचला उठायचं, एसटीने नाशिकचं सीबीएस स्टँड, तिथून सिटीलिंकची शहर बस धरून कॉलेज. घरी पोचायला रात्रीचे आठ. जेवण झालं की डोळे मिटायचे. एम-वन, म्हणजे पहिलं गणित, आणि मेकॅनिक्स, दोन्ही विषय राहिले.

प्रवेशाच्या सीईटीत चारातून एक उत्तर निवडायचं, चुकलं तरी गुण कापत नाहीत. इथे एंडसेमचा, म्हणजे सेमच्या शेवटचा पेपर ७० गुणांचा आणि प्रत्येक पायरी आपल्या हाताने लिहायची. बारावीपर्यंत एका एक्सचं डेरिव्हेटिव्ह काढत होतो. एम-वनला पार्शल डेरिव्हेटिव्ह, फुरियर सिरीज, आयगेन व्हॅल्यू एकामागोमाग येतात. वर्गात फळ्यावर बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं. कळलंय की नाही ते संध्याकाळी वही उघडल्यावर समजतं, आणि माझी संध्याकाळ बसमध्ये जायची.

दुसऱ्या सेमला नाशिकला गंगापूर रोडला कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक रूममध्ये एका कॉटचं भाडं देऊन राहिलो. ग्राफिक्समध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या विषयात, फर्स्ट अँगल पद्धतीला टॉप व्ह्यू (वरून दिसणारं चित्र) फ्रंट व्ह्यूच्या (समोरून दिसणाऱ्या) खाली का येतो, हे मला दोन आठवडे उमगत नव्हतं. रूम पार्टनरने रात्री दहा वाजता काडेपेटी हातात धरून, वही उभी-आडवी करून दाखवलं. पाच मिनिटांत डोक्यात शिरलं. ती पाच मिनिटं मला लासलगावच्या गाडीत कोणी दिली असती?

पिंपळगावची आई

बाळा, तुझं चांगलं झालं, आनंद आहे. पण माझ्या थोरल्याला आम्ही पहिल्याच वर्षी रूम करून दिली होती. डिपॉझिट, भाडं, मेस, सगळं वेळेवर. त्या वर्षी अवकाळीत द्राक्षाचा बाग गेला होता, तरी त्याला काही कमी पडू दिलं नाही. पोरगं रात्री तीनपर्यंत जागं आणि सकाळच्या लेक्चरला झोपलेलं. ७५ टक्के हजेरी भरेना, सबमिशन अडलं, शेवटी ईयर डाउन, वर्षच वाया. फोनवर मात्र रोज ‘हो आई, चाललंय अभ्यासाचं’.

घरी असता तर त्याचा उतरलेला चेहरा मला पहिल्याच महिन्यात दिसला असता. धाकटी यंदा जातेय. ती रोज घरी येणार.

लासलगावचा

काकू, पिंपळगावहून नाशिक तीसेक किलोमीटर, हायवे सरळ. लासलगावहून अंतर जवळपास दुप्पट, त्यात मला गाडीही बदलावी लागायची. तुमच्या गावचा हिशेब आमच्या, येवल्याच्या किंवा सुरगाण्याच्या पोरांना लावू नका एवढंच म्हणतो. आणि दादाचं जे झालं ते एकटं पडल्यामुळेही असू शकतं. त्याला कोणी विचारलं होतं का, की तुला नेमकं काय जमत नाहीये?

सिन्नरहून, कॉम्प्युटर, तिसरं वर्ष

मी तिन्ही वर्षं अप-डाऊन करतेय आणि माझा एकही विषय राहिलेला नाही, त्यामुळे ‘करूच नका’ हे मला मान्य नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या मुलींची ट्युशन फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. माझे बाबा अंबडला कंपनीत आहेत. फी सुटली म्हणून मी इंजिनिअरिंगला टिकले. वर रूमचं भाडं आलं असतं तर घरात लगेच ‘बीएस्सी कर’ सुरू झालं असतं. रूम हवीच असं ठासून सांगितलं की आधी मुलींचीच नावं मागे पडतात. हे लिहिताना लक्षात ठेव, दादा.

मी काय केलं ते सांगते. शेवटचं लेक्चर सुटलं की दोन तास लायब्ररी, मग बस. एम-वनची गणितं तिथेच संपवायची, घरी वही उघडायची नाही. सबमिशनच्या आठवड्यात नाशिक रोडला मावशीकडे.

गणित शिकवतो, पंचवटी

मी वीस वर्षं पहिल्या वर्षाची मुलं बघतोय. माझं मत लासलगावच्या बाजूने. पण एक गोष्ट कोणी बोललं नाही: एकाच गावची चार मुलं मिळून रूम घेतात, ही सर्वांत मोठी चूक. मराठी माध्यमातून आलेला मुलगा इंग्रजी ऐकून वर्गात गप्प होतो आणि रूमवर त्याच्यासारखेच तीन गप्प भेटतात. शंका विचारायला समोर माणूसच नसतो. रूममध्ये एक तरी सेकंड ईयरचा हवा, त्याच शाखेचा असला तर उत्तमच.

पैशाचं म्हणाल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. मुलं फॉर्म भरत नाहीत, कारण उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढलेला नसतो. तो आत्ताच काढून ठेवा.

पिंपळगावची आई

सर, दाखल्याचं उद्याच बघते. पण रूमचं माझं मन होत नाही. लासलगावच्या बाळाने विचारलं, दादाला कोणी विचारलं होतं का? नाही विचारलं. ‘पैसे पुरतायत ना’ एवढंच विचारायचो. धाकटी घरीच राहील, मात्र सिन्नरच्या ताईसारखं लायब्ररीत बसून सातच्या गाडीने आली तरी मी कुरकुरणार नाही.

लासलगावचा

ताई, मुलींचं मी धरलंच नव्हतं, माझं चुकलं. चुलतभावासाठी मात्र माझं म्हणणं तेच आहे. सरांचं वाचून चुलत्यांना आत्ताच फोन केला: माझ्या रूमवर एक कॉट रिकामी होतेय, शाखाही माझीच. ते म्हणाले, रविवारी येऊन बघतो. काकू, धाकटीचं ग्राफिक्स सुरू झालं आणि अडलं तर इथेच लिहायला सांगा. काडेपेटी माझ्याकडे आहेच.