बिल आलंच नाही, तरी 10 टक्के दंड. काउंटीचं बरोबर आहे?

नवा_घरमालक: कॅलिफोर्नियात गेल्या ऑक्टोबरात घर घेतलं. हप्त्याबरोबर बँक प्रॉपर्टी टॅक्सचेही पैसे घेते, म्हणून निवांत होतो. मे महिन्यात काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाच्या) साइटवर सहज डोकावलो तर एक 'सप्लिमेंटल' बिल थकलेलं! जुन्या मालकाकडे घराचं मूल्यांकन 3 लाख डॉलर होतं, आम्ही घेतलं 13 लाखांना. मधल्या फरकावर जूनअखेरपर्यंतच्या आठ महिन्यांचा कर, साधारण 6,700. निम्म्या रकमेचा पहिला हप्ता चुकला, त्यावर दंड 335. टपाल मिळालंच नाही म्हणून माफी मागितली, तर म्हणे बिल न मिळणं हे कारण कायद्याला चालत नाही. कराला ना नाही हो, पण कळवायची जबाबदारी कुणाची?

हिशेबी: तुमची. घर घेताना सही केलेल्या कागदांत 'सप्लिमेंटल बिल येईल, ते तुमची बँक कदाचित भरणार नाही' अशी वेगळी नोटीस असते. ती द्यायची सक्ती कायद्यानेच आहे. वाचली होती का? आणि 10 डिसेंबर, 10 एप्रिल या तारखा इथे शेंबड्या पोरालाही पाठ असतात.

नवा_घरमालक: त्या वार्षिक बिलाच्या. हे बिल नोव्हेंबर ते जूनमध्ये निघालं तर पहिल्या हप्त्याची मुदत टपालात पडल्याच्या पुढच्या महिन्याअखेर संपते. पाकीटच नाही आलं तर तारीख कळणार कुठून? नोटीस मात्र वाचली नव्हती, कबूल. शंभरेक पानांवर सह्या केल्या त्या दिवशी.

कोथरूडची_सून: पुण्यात वेळेत भरलं की सूट, इथे चुकलं की थेट दंड. वृत्तीचाच फरक.

हिशेबी: ताई, पुण्यात उशिराला महिन्याला 2 टक्के लागतात, आणि थकबाकीदारांच्या दारात बँडही वाजवून झालाय. इथे निदान शेवटच्या दिवसाचा टपालाचा शिक्का चालतो.

कोथरूडची_सून: बँड वाजला की कळतं तरी!

शेजारधर्म: खरं दुखणं दंडाचं नाहीच. 1978 च्या प्रपोझिशन 13 या इथल्या कायद्यामुळे मूल्यांकन वर्षाला फार तर 2 टक्के वाढतं, घर विकलं की एकदम बाजारभावावर येतं. माझ्या शेजाऱ्यांचं घर माझ्याएवढंच, कर माझ्या पाचव्या हिश्शाइतका. ते भले लोक आहेत, दर डिसेंबरला केक देतात. पण दोघांच्या करावर चालणारी शाळा एकच ना? खिडकीवरच्या माणसाशी भांडून उपयोग नाही, मूल्य ठरवणारा असेसर वेगळा, वसूल करणारा वेगळा.

हिशेबी: ती मर्यादा नसती तर पेन्शनवर जगणारे ते भले लोक कधीच गाव सोडून गेले असते. दहा वर्षांनी तुम्हीच तिचे गोडवे गाल.

मिनेसोटाकर: 335 वर रडताय? आमच्या हेनेपिन काउंटीने जेराल्डीन टायलर या आजींचा फ्लॅट करासाठी घेतला. मूळ थकबाकी 2,300 च्या आसपास, व्याज-दंड धरून 15,000. विकला 40,000 ला आणि वरचे 25,000 काउंटीने ठेवून घेतले. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ते चूक ठरवलं, तेव्हा आजी 94 वर्षांच्या होत्या.

हिशेबी: ते चूकच. पण तो माणसाच्या घराचा प्रश्न होता, हा न वाचलेल्या नोटिशीचा आहे.

नवा_घरमालक: दंड भरला. दुसऱ्या हप्त्याचं पाकीट आजही आलेलं नाही. तारीख साइटवरून बघून फ्रिजवर चिकटवलीय. कोर्टाच्या गोष्टी राहू द्या, घर घेताना माझा ईमेल दहा ठिकाणी लिहून घेतला. त्यावर एक ओळ पाठवायला किती खर्च येतो, तेवढं सांगा.