बाप नेन, आई इदी, तर 'मातृभाषा' कोणती?

पापुआ न्यू गिनीच्या वेस्टर्न प्रांतातल्या नेन भाषेवरचा एक लेख मराठीत आणतोय. बोलणारे काही शेच, मुख्य गाव बिमाडबन. 'नेन' म्हणजे त्या भाषेत 'काय?'. शेजारच्या नामा आणि नाम्बू या नावांचाही अर्थ 'काय'च! अडलंय ते 'मातृभाषा'पाशी. मूल बापाच्या कुळाचं, म्हणून त्याची भाषा बापाची, नेन. आई पुष्कळदा परगावची, डिमसिसीकडची असली तर इदी बोलणारी. मूल दोन्ही भाषा सहज बोलतं. मग 'पितृभाषा' लिहू का?

— 'पितृभाषा' नको, भाद्रपदातलं पान वाढल्यासारखं वाटतं. 'कुळाची भाषा' लिहा, अर्थ नेमका बसतो. आपल्या जनगणनेची व्याख्या बघा: लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलायची ती मातृभाषा. आई इदीतच बोलत असेल, तर आपला प्रगणक त्या पोराची नोंद सरळ इदी म्हणून करेल. बापाला सांगून बघा! आणि या आया तिथे येतात कशा? लेखात त्याला काय म्हटलंय?

— 'भगिनी-विनिमय' लिहिलंय. माझी बहीण तुमच्या घरात, तुमची माझ्या घरात. सख्खी नसली तर नात्यातली चालते.

— अहो, हे तर साटंलोटं! घरचा शब्द असताना 'विनिमय' कशाला?

— कबूल. पण हल्ली साटंलोटं म्हटलं की ठेकेदार आणि पुढारीच डोळ्यांपुढे येतात. 

— म्हणून काय शब्द सोडून द्यायचा? पहिल्यांदा 'साट्यालोट्याची लग्नं' लिहा, पुढे नुसतं साटंलोटं चालेल. फरक मात्र सांगा. आपल्याकडे हुंड्याचा खर्च वाचावा म्हणूनही साटं करत. तिकडे लग्नाची रीतच ती. आणि बहुभाषिकपणाचं मूळ यातच आहे. इकडची मुलगी तिकडे, तिकडची इकडे, त्यामुळे दोन्ही गावांत दोन्ही भाषा नांदतात. आजोळी गेलेल्या पोराला कुणी परकं म्हणत नाही.

— त्या पोरांना 'दुभाषी' म्हटलं तर?

— छे! दुभाषी म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगणारा. तिथे दोघांनाही एकमेकांचं कळतं, मध्ये बसून तो करणार काय? 'बहुभाषिक'च ठेवा.