अनुभव धागा : मालवणात पावसाळा काढलेले खान्देशी

दिवाळीत दोन दिवस मालवणला जाऊन, तारकर्लीच्या वाळूत फोटो काढून, सुरमई थाळी हाणून परत आलेल्या मंडळींनी जरा मागे बसावं. मला ऐकायचंय ते तिथं जून ते सप्टेंबर मुक्काम केलेल्यांकडून. आपल्याकडची डी.एड. झालेली कितीतरी पोरं-पोरी सिंधुदुर्गात लागली, कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात. आमच्या एका गल्लीतून तिघं. सुट्टीत घरी आले की सगळे एकच सांगतात, "लई पाणी, भो." त्याच्या पुढचं सांगा.

सुरुवात माझ्यापासून. मी अमळनेर तालुक्यातला. मालवणजवळच्या एका वाडीवर शाळा मिळाली, तेव्हा मायने दोन डबे भरून दिले. एकात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, एकात कुरडया. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी गच्चीवर, पाय पोळतील अशा उन्हात वाळवलेले. ते डबे मांडीवर घेऊन मंगला एक्सप्रेसने जळगावहून रत्नागिरी आणि तिथून पुढे एसटी. आपल्याकडे बिबडे वर्षभर राहतात. मालवणात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डबा उघडला, तर वर हिरवी लव. मीठ पाघळलेलं, पट्ट्याला बुरशी, हजेरीपत्रकाची पानं एकमेकांना चिकटलेली. काडेपेटी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची हे मी तिसऱ्या ओल्या काडेपेटीनंतर शिकलो. घरमालकीण आजींनी बिबड्यांचा डबा बघितला आणि म्हणाल्या, "मास्तरांनू, ह्यां उन्हातलां खाणां. हयसर टिकाचां नाय."

त्यांची बेगमी मे महिन्यातच झालेली होती. कौलं परतून झाली होती, लाकडं पडवीत रचलेली, पडवीच्या तोंडाला माडाच्या चुडतांच्या झापांचा आडोसा बांधलेला. आत सुके बांगडे, सुकट, आमसुलं, फणसाची साठं. म्हणजे आपल्या बायका एप्रिलमध्ये जे करतात तेच. फक्त आपला सगळा भरवसा उन्हावर, त्यांचा मिठावर आणि चुलीवरच्या धुरावर.

बाप रोज फोनवर विचारायचा, "पानी पडी राह्यना का तठे?" मी हो म्हटलं की गप्प व्हायचा. एका वर्षी अर्धा जुलै कोरडा गेला, कपाशी दुबार लावायची वेळ आली, तेव्हा म्हणाला, "थोडं आठे धाडी दे ना भाऊ." मी हसून फोन दाराबाहेर धरला आणि कौलांवरचा आवाज त्याला ऐकवला. ते करायला नको होतं.

भूगोल मी दर वर्षी शिकवायचो. धुळ्याकडे वर्षभरात ५५०-६०० मिलिमीटर, मालवणच्या पट्ट्यात ३,०००च्या आसपास. ढग सह्याद्री चढता चढता रिकामे होतात, घाट ओलांडून उरलंसुरलं आपल्याकडे येतं. पर्जन्यछाया. एकदा सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, मग तुमच्याकडे छत्री कित्याक?" म्हटलं, उन्हाला. सगळा वर्ग हसला. त्यांना तो विनोद वाटला.

आता तुम्ही.

चोपड्याची ताई, परिचारिका

पाऊस सांगणारे खूप येतील, मी वारा सांगते. १६ मे २०२१. तौक्ते. कोविडची दुसरी लाट चालू, वॉर्ड भरलेला. वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातकडे चाललं होतं, मालवणवर आदळणारसुद्धा नव्हतं, नुसतं शेजारून जाणार होतं. मी मनात म्हटलं, शेजारून जातंय ना, मग काय.

आम्ही तापीकाठची माणसं. पूर आपल्याला माहीत असतो. पूर चढतो, दिसतो, पायऱ्या मोजता येतात, गुरं सोडायला वेळ मिळतो. हा वारा कुठून येतो तेच कळेना. पाऊस खाली पडतच नव्हता, आडवा येऊन खिडकीच्या फटीतून फवाऱ्यासारखा आत. माड वाकून वाकून परत उभे राहायचे, पण आंबा-फणस वाकत नाहीत, ते मोडतात. रात्रपाळीची मुलगी येऊ शकली नाही, रस्त्यावर झाडं. माझी दिवसपाळी सलग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. जनरेटर किती तास चालेल हा एकच प्रश्न, आणि तो कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. वीज गेली ती काही भागांत कित्येक दिवस आली नाही, फोनही मेलेले. इकडे चोपड्यात आई टीव्हीसमोर बसून मालवणचं नाव ऐकतेय आणि माझा फोन लागत नाही. तिसऱ्या दिवशी बोलणं झालं तेव्हा ती आधी रडली नाही, आधी रागावली. "तुले कोणी सांगं होतं तठे जावाले?"

एक राहिलं. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या रुग्णाने रात्री दोनला मला बसायला सांगितलं. म्हणाला, गाज बदलली, आता उतरतंय. मला सगळा आवाज सारखाच ऐकू येत होता. पण अर्ध्या-पाऊण तासात खरंच उतरलं.

भुसावळकर, बँकेतून निवृत्त

माफ करा, मला नाही आवडलं. भुसावळचं ४५ अंश परवडलं, सावलीत बसलं की घाम वाळतो तरी. तिथं ३२ अंशांत अंगाला चिकटा. चार महिने इस्त्री करून करून ओले शर्ट घातले. कपड्यांचा तो कुबट वास अजून नाकात आहे. माणसं चांगली, भात चांगला, पण ज्वारीच्या भाकरीशिवाय माणूस किती दिवस काढणार? कुणीतरी खरं बोलायला पाहिजे म्हणून लिहिलं.

शिरपूरचा, बर्फ कारखान्यात हिशेबनीस होतो

भुसावळकर काका, भाकरीचं अगदी खरं. मी वांग्यांचा तोडगा काढला होता. घरून येताना भरताची वांगी आणायचो. तिथं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या कुठून मिळणार, म्हणून नारळाच्या सोडणावर भाजायचो. धूर वेगळा लागतो, पण वाईट नाही. शेजारचे खाऊन म्हणायचे, बरां आसा, पण ह्यात सुकट व्हयी होती. पुढच्या वेळी घातली. आता शिरपूरलासुद्धा घालतो, घरात मी एकटाच खातो.

मूळ विषयावर येतो. पर्यटकाला मालवणचा जून दिसत नाही. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. माशांचा विणीचा काळ, आणि तसाही दर्या त्या दिवसांत कुणाला आत घेत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यासुद्धा बंद. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला समोर दिसतोय, बंदरावरून हाक मारावी एवढा जवळ, आणि जाता येत नाही. होड्या वाळूवर ओढून झापांनी झाकलेल्या. आमचा कारखाना थंड. बाहेरगावचे खलाशी पैसे घेऊन घरी गेलेले. मासळी लिलावाला जिथं कान फाटायचे तिथं कुत्री झोपलेली.

मग किराणा दुकानात वह्या उघडतात. उधारी. पोरांची शाळा त्याच महिन्यात सुरू, फी-दप्तर त्याच महिन्यात, आणि हातात काही नाही. पडवीत बसून जाळी विणायची, फाटलेलं सांधायचं. मला हे ओळखीचं वाटलं. आमचे अण्णा मे-जूनमध्ये असेच बसायचे, औत-पांभर नीट करत, आभाळाकडे बघत, बियाण्याची उधारी डोक्यात. अण्णा पाऊस यायची वाट बघायचे, हे लोक तो जायची बघतात. दोघांच्या उधारीच्या वह्या मात्र सारख्याच लाल.

नारळी पौर्णिमेला बंदरावर सगळं गाव लोटतं. बायका-पोरं, बँडबाजा, दर्याला नारळ. आणि नारळ लढवायचे: एकाने हातात नारळ धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर मारायचा, ज्याचा फुटला तो हरला आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. मी सात नारळ हरलो. कुठला नारळ घ्यायचा ते कानाजवळ वाजवून कळतं म्हणे. मला कळेपर्यंत नोकरी सुटली.

धागा काढणारा

शिरपूरकर भाऊ, तुम्ही देवबागला कधी गेलात का पावसात? एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर घरं. माझा एक विद्यार्थी तिथला. उधाणाची तारीख त्याला तोंडपाठ असायची, परीक्षेची नसायची. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड किती आत सरकले ते पावलांनी मोजून सांगायचा. आपल्याकडे बांधावरून भांडणं होतात, तिथं बांधच चालत येतो.

मालवणची, आता शहाद्यात

मी उलट्या दिशेने आले, चालेल ना? माहेर मालवण, सासर शहादा. तुम्ही सगळे आमच्या पावसाचं एवढं लिहिताय, बरं वाटलं. पण आम्हाला पाऊस दिसत नाही हो. तो असतो. भिंतीसारखा. लहानपणी तो पडायचा थांबला की मला झोपेतून जाग यायची, काहीतरी बिघडलं म्हणून.

लग्न झालं एप्रिलमध्ये. पहिला महिना मला कळतच नव्हतं की सकाळी दहानंतर सगळं गाव जातं कुठं. पाण्याचा टँकर आला की मोठ्या जाऊबाई धावायच्या, मी उभी. पाण्यासाठी धावायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. हंडा अर्धा सांडला तर सासूबाई काही बोलल्या नाहीत, सांडलेल्या पाण्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग जूनच्या शेवटी एका दुपारी आभाळ आलं. मातीचा वास आला, टपोरे थेंब पडायला लागले. मी माहेरच्या सवयीने धावले ती गच्चीवर, दोरीवरचे कपडे काढायला. बघते तर सगळी गल्ली बाहेर. म्हातारे ओट्यावरून उतरून रस्त्यात उभे, पोरं नाचतायत, सासूबाई अंगणात मधोमध, तोंड वर करून. मी दोन्ही हातांत कपडे घेऊन जिन्यात.

"राहू दे वं माय," त्या खालून ओरडल्या, "भिजू दे. ये खाली."

मी परत वर जाऊन कपडे दोरीवर टाकले आणि खाली उतरले. पाऊण तासात सगळं थांबलं. संध्याकाळपर्यंत कपडे वाळलेसुद्धा.