जुन्या फॅनफिक्शनची शिफारस करताना
भाऊ, जळगावच्या आपल्या वाचक मंडळींसाठी २०१० पूर्वीच्या फॅनफिक्शनची, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पुस्तकांवर-मालिकांवर लिहिलेल्या कथांची, यादी करताय, तर नुसती लिंक देऊ नका. जिओसिटीज ही फुकट वेबपानं देणारी साइट २००९ मध्ये बंद झाली आणि तिथल्या लिंक मेल्या. कथेचं नाव, लेखकाचं टोपणनाव, पूर्ण की अर्धवट, एवढं लिहाच. मेलेला पत्ताही ठेवा, जुनी वेबपानं जपणाऱ्या वेबॅक मशीनला तोच लागतो.

एओथ्री (AO3) या फॅनफिक्शनच्या मोठ्या संग्रहावर शोधताना ‘डेट अपडेटेड’ या गाळणीत शेवटची तारीख ३१ डिसेंबर २००९ टाका. कुडोजवर, म्हणजे तिथल्या वाचकांनी दिलेल्या पसंतीच्या आकड्यावर, मात्र विसंबू नका: जुन्या संग्रहांतून नंतर आलेल्या उत्तम कथांनाही ते कमीच असतात, कारण वाचक आधीच दुसरीकडे वाचून गेलेले. आवडली की लगेच तिची ईपब (ई-पुस्तकाची फाइल) उतरवा. लेखक कथा काढून टाकतात. शिवाय सातपुड्याकडे रेंज गेली तरी वाचन थांबत नाही.