मदत हवी आहे : चाळिशीत दातांना तारा लावल्यात का कुणी?

नमस्कार मंडळी. मी खानापूरची, वय ४१. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत. ब्रश आत पोचत नाही, कीटण साचतं, हिरड्यांतून रक्त येतं. बेळगावच्या डेंटिस्ट म्हणाल्या, वयाची आडकाठी नाही. पण आधी स्केलिंग (दातांवरचं कीटण खरवडून काढणं), किडलेली दाढ भरणं आणि हिरड्यांचे उपचार, मगच तारा. हिरड्या आजारी असताना दात सरकवले तर आधाराचं हाड आणखी झिजतं म्हणे. हे पटलं. दीड-दोन वर्षं धरून चाला म्हणाल्या, नंतर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी) घालावाच लागेल, नाहीतर दात पुन्हा सरकतात.

सासूबाई म्हणतात, "आता कुणाला दाखवायचंय?" असो.

केएलई किंवा मराठा मंडळाच्या डेंटल कॉलेजात मोठ्या वयात कुणी तारा लावून घेतल्यात का? खर्च किती आला, हप्त्याने घेतात का? तारा आवळायला दर महिन्याला जायचं, तर शनिवारी चालतं का? अलाइनरही (तारांऐवजी काढता-घालता येणारे पारदर्शक साचे) सुचवलेत, पण ते दिवसाचे २०-२२ तास तोंडात ठेवायचे आणि चहाच्या वेळी काढायचे. आमच्या स्टाफरूममध्ये चहा थांबतच नाही! मला मधुमेह आहे, गोळी चालू आहे. शुगर ताब्यात असेल तर हरकत नाही म्हणाल्यात, तरी असं कुणी असेल तर जरूर लिहा.